जेसनची अर्धी गोष्ट

परवा नातीला जेसनची ग्रीक गोष्ट सांगत होते. 'आर्गो' जहाज, दूरचं कोल्किस, तिथली सोनेरी लोकर... लोकर मिळाली, जहाज परत निघालं, संपली गोष्ट! वर्गातही मी वर्षानुवर्षं इथेच थांबत असे. नात म्हणाली, "पण आजी, सगळं तर मेडियानेच केलं ना?"

खरंच की! आग ओकणाऱ्या बैलांपुढे टिकायला लेप दिला तिने. सर्पाचे दात पेरून उगवलेल्या योद्ध्यांत दगड फेकायची युक्ती तिची. राखणदार सर्पाला झोपवलं तेही तिनेच. त्याच्यापायी बाप सोडला, देश सोडला. आणि पुढे कॉरिंथला हे महाशय तिथल्या राजकन्येशी लग्न लावून मोकळे! युरिपिडीसच्या नाटकात (इ. स. पूर्व ४३१) तो वर तिलाच ऐकवतो, मला तारलं ते प्रेमदेवतेने, उलट माझ्यामुळे तुला ग्रीस बघायला मिळालं. वाचताना अंगाचा तिळपापड होतो.

तिने पुढे पोटची मुलं मारली. त्याचं समर्थन मी करणार नाही, ती पानं मला वाचवतही नाहीत. पण मुलांना लोकरीपाशीच आणून सोडणं हीसुद्धा लबाडीच, आणि ती मी केली.

असो. उरलेली गोष्ट नातीला कधी सांगावी? नऊ वर्षांची आहे. सुनेशी बोलायला हवं.