गुराबेला किती फळ्या?

दिवाळी जवळ आली की नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत अनेक अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, जुनी पोती, चिखल आणि वर पेरलेले अळीव एवढ्या सामग्रीवर मुले रायगड किंवा प्रतापगड उभा करतात. बुरूज, माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधी हातांनी कळतात. मात्र याच अंगणांत कोणी गुराब बांधल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गलबत नाही, शिबाड नाही, तरांडेही नाही. कारण उघड आहे. किल्ला दगडाचा, तो अजून उभा आहे. त्याच्यापाशी जाता येते, त्याच्या पायऱ्या मोजता येतात. जहाज लाकडाचे; ते कुजले, जळाले, मोडीत निघाले. मागे राहिली ती नामे. ही नामे सांभाळण्याचे काम आपल्याकडे मराठीच्या अध्यापकांकडे आलेले आहे. म्हणूनच जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याच्या छंदाविषयी एका साहित्यविषयक पानावर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा छंद वरवर पाहता वेळ घालवण्याचा वाटतो. एक प्रमाण ठरवायचे, बहुधा १:४८, १:६४ किंवा १:९६. मग कोकणात ज्याला पठाण म्हणतात तो जहाजाचा तळकणा घडवायचा, त्यावर फासळ्या उभ्या करायच्या, फासळ्यांवर एकेक पट्टी वाकवून फळ्यांचे अंग मढवायचे, शेवटी डोलकाठ्या, परबाणे, शिडे आणि दोरखंड. एका जहाजाला वर्षे लागू शकतात. १:९६ या प्रमाणात साडेपाच फुटांचा खलाशी पाऊण इंचाहूनही कमी उंचीचा होतो आणि इंचभर जाडीचा दोर पाव मिलिमीटरचा. या प्रमाणाला सूतही जाड पडते. सागवानाबाबतही तेच. विदर्भाचे सागवान आमच्या अभिमानाचा विषय. पण त्याचे रेषे भरड असतात आणि जहाज लहान झाले तरी रेषे लहान होत नाहीत. म्हणून हे काम करणारे बारीक पोताचे लाकूड शोधतात आणि सागवानी जहाजही दुसऱ्याच लाकडातून घडवतात. लहान करणे म्हणजे सगळेच सारख्या मापाने आखडणे नव्हे. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कशाच्या जागी काय योजायचे याचा तो सततचा निवाडा असतो. कथेच्या विद्यार्थ्याला हा निवाडा अपरिचित नसावा.

नागपूर आणि जहाज ही जोडी विजोड वाटेल. शून्य मैलाचा दगड मिरवणाऱ्या या शहरापासून कोणताही समुद्र जवळ नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १७५१पासून १८०३पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणजे या गावच्या राज्याला अर्धशतक बंगालच्या उपसागराचा किनारा होता. त्या मुलखात, कटकला, कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे कागदाच्या, केळीच्या सोपटाच्या चिमुकल्या नौका दिवे लावून महानदीत सोडतात. पूर्वजांच्या समुद्रयात्रांची आठवण म्हणून. प्रतिकृतीतून स्मरण करण्याची ही रीत आपल्या अंगणातल्या किल्ल्याची सख्खी बहीण आहे. दुसरी गोष्ट आजची. नागपुरात एनसीसीचे नौदल पथक आहे आणि या शाखेच्या अखिल भारतीय शिबिरांत जहाजांच्या प्रतिकृती करण्याची स्पर्धा असते. समुद्र न पाहिलेली मुले युद्धनौका मापाने घडवतात. महाविद्यालयात या कौशल्याची नोंद सहशालेय उपक्रमांच्या खात्यात होते. मराठी विभागाचा त्याच्याशी काही संबंध आहे असे कोणालाच वाटत नाही. आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो बखरीच्या तासाशी आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली बखर पदव्युत्तर वर्गात शिकवली जाते. तीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा मजकूर आहे आणि त्यात नौकांच्या प्रकारांची यादी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. तरांडी फार मोठी नकोत, फार लहान नकोत, मध्यम रीतीने सजवावीत. लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, असे ते बजावते. वर्गात या मजकुराचे काय होते? झाडांविषयीची आज्ञा थोरवीचे उदाहरण म्हणून अधोरेखित होते, भाषेतील फारसी शब्द मोजले जातात आणि नौकांची यादी एका दमात वाचून तास पुढे सरकतो. गुराब म्हणजे एक प्रकारचे जहाज, गलबत म्हणजे एक प्रकारचे जहाज, शिबाड म्हणजेही एक प्रकारचे जहाज! तीन शब्द, आणि अर्थ एकच. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आपल्या दर्यावर्दी शब्दांचा मोठा साठा सांभाळला, हे त्याचे उपकार, पण कोश अर्थ देतो, आकार देत नाही. ‘मध्यम’ म्हणजे किती हात, हे ठरवल्यावाचून अमात्यांचे ते वाक्य आपल्याला खरोखर समजले असे म्हणता येईल काय?

प्रतिकृती करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. ‘डौलदार गुराब’ असे लिहून निबंधकार सुटतो. करवत हाती घेतलेल्या माणसाला नाळ किती पुढे काढायची ते ठरवावेच लागते. त्यासाठी तो पुरावा शोधू लागतो आणि मग त्याला कळते की गुराबेचे तपशीलवार वर्णन शत्रूच्या बाजूने आलेले आहे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन केले. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. दोन काठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, मध्यापासून टोकाकडे निमुळती, आणि पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब नाळ. या नाळेवरून नेम धरून मारा करणाऱ्या दोन तोफा आतल्या आडभिंतीतील झरोक्यांतून बाहेर डोकावत. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की गलबतांनी गुराबा ओढत न्याव्यात, अशी युद्धरीत. सभासदाच्या यादीत शेजारी बसलेल्या या दोन नामांचे नाते आता दिसू लागते. एक तोफा वाहणारी, दुसरे तिला ओढणारे. गुराब हा शब्द अरबी ‘घुराब’वरून, म्हणजे कावळ्यावरून आला, पुढे काढलेल्या त्या चोचीकडे पाहिले की शब्दाची व्युत्पत्तीही केवळ टिपेपुरती राहत नाही.

पण ऑर्मही फळ्यांची संख्या सांगत नाही. इथे त्याच किनाऱ्यावरचे दुसरे जहाज आठवते. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानातून बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले ते ‘जावा’ १८१२च्या डिसेंबरात अमेरिकी जहाजाशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. मग आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. ती नौका आज इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. तिची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याला मोजायला जहाज आहे. सुमारे दीडशे फुटांचा तोफांचा मजला १:९६ प्रमाणात दीड फुटाहून थोडा अधिक भरतो. कारागीर इथले, लाकूड या देशातले. पण कागद होता म्हणून ती टिकली, निदान तिची ओळख तरी टिकली. गुराबेचा कारागीर आराखडा डोक्यात आणि हातांत बाळगत होता. तो गेला तेव्हा गुराबेचे व्याकरण त्याच्याबरोबर गेले.

हे व्याकरण लिहून ठेवण्याचा एक मोठा उद्योग झाला तोही परक्याकडून. फ्रेंच नौदल अधिकारी एद्मों पारी याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभ्रमणात भेटलेल्या बिगरयुरोपीय नौकांची मापे घेतली, हिंदी किनाऱ्यांवरच्या नौकांचीही, आणि १८४०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे आराखडे छापले. पुढे तो पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाला आणि त्या आराखड्यांवरून त्याने प्रतिकृती करवून घेतल्या. आज आपल्या पारंपरिक नौकांचे रूप शोधू पाहणाऱ्याला त्याच्या कागदांपाशी जावे लागते. लोकगीते गोळा करणाऱ्याने जे काम शब्दांसाठी केले तेच त्याने लाकडासाठी केले.

जिथे आराखडाही नाही तिथे काय करायचे, याचे अलीकडचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका भिंतीवरून निघाले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातील एक जहाज रंगवलेले आहे. त्या चित्राच्या आधारे, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, गोव्यात एक नौका बांधली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा तळकणा बसला. केरळातील बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी ती शिवली. मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ती नौदलात दाखल झाली आणि डिसेंबर २०२५च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मधला आहे. चित्र एकच बाजू दाखवते, पाण्याखालचे अंग दाखवत नाही. म्हणून त्या आकाराची आधी लहान प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत पाण्यावर तिची परीक्षा झाली. चित्राचे हे अतिशय कडक वाचन होते. अन्वयार्थ चुकला असता तर तो समुद्रात उलटला असता. आमच्या समीक्षेतील किती अन्वयार्थांना अशी परीक्षा द्यावी लागते?

इथे एक रास्त शंका निघेल. पुरावा अपुरा असताना केलेली प्रतिकृती कल्पिताला सत्याचा मुलामा देणार नाही काय? धोका खरा आहे. काचेच्या पेटीतली सुबक वस्तू पाहणाऱ्याला ‘हे असेच होते’ असे सांगून टाकते. यावर उपाय मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असलेला आहे. अ. का. प्रियोळकरांनी जी पाठचिकित्सा मराठीत रुजवली तिचा धडा हाच की हस्तलिखितात काय आहे आणि संपादकाने काय सुचवले आहे, हे वाचकाला वेगवेगळे दिसले पाहिजे. प्रतिकृतीतही हे करता येते. पुराव्याने सिद्ध असलेला भाग एका लाकडाचा, अनुमानाचा दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा. जिथे अनुमानही धजत नाही तिथे फळ्याच नाहीत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी केलेल्या प्रतिकृतींत पाण्याखालचे अंग बहुधा उघडेच ठेवीत, फासळ्या दिसतील असे. त्यांचा हेतू वेगळा होता. पण ती रीत आपल्याला उसनी घेण्याजोगी आहे.

दुसरी शंका खर्चाची. परदेशी संच महाग असतात हे खरे. पण संच म्हणजे छंद नव्हे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडात कैदेत पडलेल्या फ्रेंचांनी जेवणातल्या हाडांतून जहाजे कोरली. ती आज संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे बांबू आहे, खोक्यांचे लाकूड आहे, सूत आहे. उणीव असलीच तर मापांची आहे.

तिसरा मुद्दा शंकेचा नाही, आमच्या आग्रहाचा आहे. मराठ्यांच्या आरमाराविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले जाते. २०२२ साली नौदलाचे नवे निशाण शिवमुद्रेच्या अष्टकोनावरून घडले, ही आनंदाची गोष्ट. पण अभिमानाला आराखडा लागत नाही, प्रतिकृतीला लागतो. ज्याने गुराब बांधायला घेतली तो १७५६च्या फेब्रुवारीपाशी येऊन थांबेलच. त्या महिन्यात विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. समुद्रातून इंग्रज होते आणि जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य. मोजायला एकही गुराब का उरली नाही या प्रश्नाच्या उत्तरात ही आगही आहे, आणि ती लावण्यात आपलाही हात होता. घोषणेत हे मावत नाही. कामाच्या टेबलावर ते टाळता येत नाही.

म्हणून सूचना साधी आहे. बखर आणि आज्ञापत्र शिकवताना एका गटाला निबंधाऐवजी एक नौका द्यावी. सोबत टाचण असावे: हे माप कोठून घेतले, हा बाक कशावरून ठरवला, या जागा रिकाम्या का ठेवल्या. गुण टाचणाला द्यावेत, चकाकीला नव्हे. एनसीसीतील एखादा विद्यार्थी अशा गटात असेल तर मराठीच्या वर्गात प्रथमच त्याचे हात कामी येतील. आणि तोंडी परीक्षेत ‘गुराब म्हणजे काय?’ एवढे विचारून भागणार नाही. तिला किती फळ्या, असे विचारावे लागेल. आणि ‘इथपर्यंत सांगता येते, पुढे पुरावा नाही’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतील.