वणवा विझवायचा आम्ही, चराईबंदीही आम्हालाच?

फाल्गुन सरला की नळदुर्ग-तुळजापूर भागातील माळावरचे कुसळी गवत वाळून खडखडीत होते. मग न विझवता फेकलेली एक बिडी किंवा बांधावर पेटवलेला पालापाचोळा पुरतो. ‘जाळले की गवत जोमाने फुटते’ या समजुतीनेही काडी लावली जाते. वारा जाळ पुढे रेटतो. चढावर ज्वाळा वरचे गवत आधीच तापवतात, म्हणून डोंगर झपाट्याने पेटतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात, माती उघडी पडते आणि वळवाच्या पहिल्या सरीत मुरमावरचा पातळ थर ओढ्यात जातो.

यात मरतो कोण? बागायतदाराच्या दावणीला कडबा असतो. दोन शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाला मात्र माळ हाच आधार.

आता कायदा पाहा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार, वनात हक्क असणाऱ्याने आणि सरकारी मोबदल्यावर गावकी करणाऱ्याने आग विझवायला धावलेच पाहिजे. कलम २६ म्हणते, राखीव वनात कोणी मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार तेथील चराईचे सर्वच हक्क स्थगित करू शकते. गुन्हा एकाचा, शिक्षा गावाला! हा कुठला न्याय?

कर्तव्य अमर्याद आणि हक्क मेहेरबानीचा, हीच वतनदारीची रीत. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले होते. वतने कायद्याने गेली. वनखात्याच्या कायद्यात ती वृत्ती शिल्लक आहे.

आज आगीची सूचना उपग्रहावरून मोबाईलवर येते. पण उपग्रह आग विझवत नाही. विझवतात ती हिरव्या फांद्या घेऊन धावणारी माणसे. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा काढाव्या लागतात, त्याही माणसांनीच. या कामाला गावच्या भूमिहीनांना रोख मजुरी आणि विमा द्या. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला आहे. मात्र बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांनी तो आणायचा कुठून? ही अट सैल झालीच पाहिजे.

कारण शोधल्याशिवाय दुःख संपत नाही, ही तथागतांची शिकवण. ज्याचा माळावर हक्क असेल, तोच माळ जपेल. हक्काशिवाय राखणदारी म्हणजे वेठबिगारी, आणि वेठ आम्ही केव्हाच नाकारली आहे.