धाकट्याची पहिली गिटार

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवीय आणि घरचे म्हणतात, "तू इंजिनिअर होतोयस ना, तूच बघ!" तर माझं मत स्पष्ट आहे: रंग बघू नका, लांबी बघा. फुल साइज स्ट्रॅटोकास्टरची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, २५.५ इंच, स्क्वायर मिनीची २२.७५. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. तार तीच, सूर तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ताण सुमारे २० टक्के कमी आणि चिमुकल्या बोटांना तेवढा आराम! शिवाय सगळं बजेट गिटारवरच उडवू नका. छोटा अ‍ॅम्प, केबल, ट्यूनर आणि सेटअपचे पैसे बाजूला ठेवा.

"सोडूनच देणार आहे, मिळेल ती स्वस्तातली घ्या," हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. पण जी गिटार दोन मिनिटंही सुरात राहत नाही, ती वाजवताना पोराला वाटतं, आपलाच कान कच्चा. मग तो सोडणारच की! स्वस्त जरूर घ्या, सेकंडहँडही चालेल, पण सूर धरणारी घ्या. सोडायचीच तर त्याने आवड नाही म्हणून सोडावी, आपल्या काटकसरीपायी नव्हे.