येमेनमधील संघर्ष आणि आखाती सहकार परिषद

आखाती सहकार परिषद ही सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा राजेशाही राष्ट्रांची प्रादेशिक संघटना असून तिची स्थापना २५ मे १९८१ रोजी अबुधाबी येथे झाली. येमेन हे अरबी द्वीपकल्पातील प्रजासत्ताक असून ते या परिषदेचे सदस्य नाही. तरीही १९९० नंतर येमेनमध्ये उद्भवलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या पेचप्रसंगात परिषदेची वा तिच्या सदस्यांची भूमिका निर्णायक ठरली आहे.

पार्श्वभूमी

उत्तर व दक्षिण येमेनचे एकीकरण २२ मे १९९० रोजी झाले. त्याच वर्षी इराकने कुवेतवर आक्रमण केले. इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास मुभा देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ६७८ विरुद्ध येमेनने मत दिले. विरोधात मत देणारा दुसरा देश क्यूबा होता. सौदी अरेबियाने येमेनी कामगारांच्या निवासाच्या सवलती काढून घेतल्या आणि लाखो लोक मायदेशी परतले. परदेशातून येणाऱ्या पैशांवर तगणाऱ्या अर्थव्यवस्थेला हा घाव दीर्घकाळ सोसावा लागला. १९९४ च्या यादवीत अभा येथील बैठकीत परिषदेने बळाच्या जोरावर ऐक्य लादता येणार नाही असे सूचित केले. कतारने या भूमिकेपासून फारकत घेतली. डिसेंबर २००१ च्या मस्कत परिषदेत येमेनला आरोग्य, शिक्षण यांसारख्या काही उपसंस्थांत आणि आखाती फुटबॉल स्पर्धेत प्रवेश मिळाला, मात्र पूर्ण सदस्यत्व मिळाले नाही.

२०११ चा पुढाकार

अरब उठावाच्या काळात राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्याविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा परिषदेने सत्तांतराचा आराखडा मांडला. सालेह यांनी सही करण्याचे वारंवार टाळले. मे महिन्यात कतारने या प्रयत्नांतून अंग काढून घेतले. अखेर २३ नोव्हेंबर २०११ रोजी रियाध येथे सालेह यांनी स्वाक्षरी केली. मोबदल्यात त्यांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले.

रक्तपात तात्पुरता टळला, हे या कराराचे यश होय. त्याचा दोषही त्याच्या रचनेतच होता. सालेह यांना देश सोडावा लागला नाही. त्यांचा पक्ष सत्तेत राहिला व सैन्यातील त्यांचे निष्ठावंत टिकून राहिले. उत्तरेतील हुथी चळवळ आणि दक्षिणेतील फुटीरतावादी या करारात सहभागी नव्हते. फेब्रुवारी २०१२ मध्ये अब्द रब्बुह मन्सूर हादी हे एकमेव उमेदवार म्हणून निवडून आले. पुढे ज्या हुथींशी सालेह यांनी सत्तेत असताना अनेक लढाया केल्या होत्या, त्यांच्याशीच त्यांनी संधान बांधले आणि २१ सप्टेंबर २०१४ रोजी राजधानी सना हुथींच्या हाती गेली.

लष्करी हस्तक्षेप

हादी यांनी एडन गाठल्यानंतर २६ मार्च २०१५ रोजी सौदी नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. ओमान वगळता परिषदेचे सर्व सदस्य तीत सामील झाले. मध्यस्थ म्हणून काम केलेली संघटना अशा रीतीने युद्धातील पक्ष बनली आणि मध्यस्थीची धुरा ओमानकडे आली. या युद्धातून भारताने ‘राहत’ मोहिमेद्वारे ४,६०० हून अधिक भारतीयांना सुखरूप बाहेर काढले. एडन हे बंदर १८३९ पासून जवळपास एक शतक मुंबई इलाख्याच्या प्रशासनाखाली होते.

आघाडीतील मतभेद लवकरच उघड झाले. जून २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी झाली व त्याला आघाडीतून वगळण्यात आले. हादी सरकारला सौदी अरेबियाचे पाठबळ होते, तर अमिरातीने दक्षिण संक्रमणकालीन परिषदेला बळ दिले. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिषदेच्या सैन्याने एडन ताब्यात घेतले, म्हणजे एकाच आघाडीचे दोन गट एकमेकांवर तुटून पडले. त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरच्या रियाध कराराने हा तंटा मिटवण्याचा प्रयत्न झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ च्या अखेरीपर्यंत ३,७७,००० मृत्यू झाले होते. त्यांपैकी सुमारे ६० टक्के भूक, रोगराई यांसारख्या अप्रत्यक्ष कारणांनी झाले.

२०२२ नंतर

एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रयत्नांनी युद्धविराम झाला. रियाध येथे परिषदेच्या विद्यमाने भरलेल्या सल्लामसलतीच्या अखेरीस हादी यांनी रशाद अल्-अलीमी यांच्या अध्यक्षतेखालील आठ सदस्यांच्या मंडळाकडे अधिकार सोपवले. हुथींनी या बैठकीवर बहिष्कार टाकला होता. वर्षभराने, एप्रिल २०२३ मध्ये, सौदी शिष्टमंडळ ओमानी मध्यस्थांसह थेट सना येथे हुथींशी बोलणी करण्यासाठी गेले. त्या चर्चेत अलीमी यांच्या मंडळाला स्थान नव्हते.