घोड्यात पाच टक्के: हौस म्हणून घ्या, पेन्शन म्हणून नको

पैसा 'वाढवायची' नवी वाट आपल्या डोंबिवलीत पोचायला फार वेळ लागत नाही. भिशी झाली, सोन्याच्या स्कीम झाल्या, क्रिप्टो झालं. आता घोडा आलाय. गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. "दोन वर्षांचं शिंगरू आहे, रेसचं. बाप डर्बी जिंकलेला. पाच टक्के वाटा मिळतोय. घ्यावा का?" एक घोडबंदर रोडला राहणारा आयटीवाला, एक कल्याणचा ट्रान्सपोर्टवाला, आणि तिसरे आमच्याच बिल्डिंगमधले काका, नुकतेच रिटायर झालेले. पहिल्या दोघांची मला चिंता नाही. काकांचे पैसे मात्र प्रॉव्हिडंट फंडाचे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मला विचारतात कारण मी वीसेक वर्षं हिवाळ्यात महालक्ष्मीला जातो. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी. पैज क्वचित लावतो, घोडे बघायला जातो. रेसच्या आधी पॅडॉकमध्ये सईस घोड्याला गोल फिरवतो ना, ते बघण्यातच माझे तिकिटाचे पैसे वसूल होतात. त्यामुळे ही पोस्ट रेसवाल्यांना नावं ठेवणारी नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. आणि ठाणेकरांनी तर घोड्याकडे नाक मुरडूच नये. आपल्या घोडबंदरला हे नाव अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात घोडे त्या धक्क्यावर उतरायचे. आज तिथे फक्त ट्रॅफिक उतरतो, तो भाग वेगळा.

तर आधी 'होतकरू' या शब्दाबद्दल. दोन वर्षांचं शिंगरू होतकरू आहे म्हणजे काय? त्याने अजून एकही रेस धावलेली नाही. म्हणजे तुम्ही विकत घेताय ते त्याचे आईबाप, पायांची ठेवण आणि विकणाऱ्याचं बोलणं. आईबापाची खात्री करता येते, कारण या जातीच्या प्रत्येक शिंगराची नोंद पुण्याच्या स्टड बुकात असते आणि वंश डीएनए चाचणीने तपासलेला असतो. पण वंश म्हणजे वेग नव्हे. अमेरिकेत २००६ साली 'द ग्रीन मंकी' नावाचं दोन वर्षांचं शिंगरू १ कोटी ६० लाख डॉलरला विकलं गेलं. आयुष्यात तीन रेस धावलं, एकही जिंकलं नाही, कमाई १० हजार ४४० डॉलर. उलट 'सिएटल स्लू' १९७५ च्या लिलावात साडेसतरा हजार डॉलरला गेला आणि १९७७ मध्ये त्याने तिथली ट्रिपल क्राउन जिंकली. दोन्ही वेळी लिलावाला आयुष्य घोड्यांत काढलेली माणसं उभी होती. त्यांना जे कळलं नाही ते पीडीएफ वाचून आपल्याला कळणार आहे का?

आणि डर्बीचं म्हणाल, तर वर्षात इंडियन डर्बी एक. फेब्रुवारीत, महालक्ष्मीला, २४०० मीटर. घोड्याला ती आयुष्यात एकदाच धावता येते, कारण वयाची अट आहे. देशात त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्या शिंगरांसाठी मिळून एकच बक्षीस! काकांना दाखवलेल्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर डर्बीचा कप आहे.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी धरतोय, तुमच्या पीडीएफमधले घालून बघा. समजा घोडा २० लाखांचा. पाच टक्के म्हणजे तुमचा १ लाख. इथपर्यंत सगळे सांगतात. पण घोडा म्हणजे फ्लॅट नव्हे, तो रोज खातो. ट्रेनरची फी, सईसचा पगार, ओट्स, लसूणघास, नाल, डॉक्टर. पावसाळ्यात हंगाम पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला, म्हणजे नेआण आलीच. महिन्याला ६० हजार धरले तर तुमच्या वाट्याला ३ हजार. दोन वर्षांत ७२ हजार. तुमचा १ लाखाचा वाटा झाला १ लाख ७२ हजारांचा, आणि नुसतं मुद्दल सुटायला घोड्याने दोन वर्षांत मालकांच्या हातात ३४ लाख ४० हजार आणून द्यायला हवेत. तेही ट्रेनर आणि जॉकीचे टक्के वजा जाऊन. मधे पायाची शीर दुखावली तर सहा महिने घोडा तबेल्यात उभा. कमाई थांबते, खाणं नाही थांबत.

"पण जिंकला तर पुढे पैदाशीसाठी विकता येईल ना?" हा काकांचा प्रश्न. घोडी असेल आणि वंश चांगला असेल तर थोडीफार आशा असते. नराला मात्र स्टड फार्मवर जागा मिळते ती मोजक्यांना. त्यात पुष्कळ नर घोडे खच्ची केलेले असतात, त्यांचा हा प्रश्नच मिटला. तुमच्या शिंगराला खच्ची करायचं की नाही हे ट्रेनर ठरवणार, पाच टक्केवाला नाही.

घोडं पेंड खातंय ते मात्र याच्याही पुढे. बक्षिसाचा पैसा येतो कुठून? काही स्पॉन्सर असतात, पण मुख्य आधार पैजांचा. लोक टोटवर आणि बुकींकडे पैसे लावतात, त्यातून क्लबला कमिशन किंवा फी मिळते, त्यातून मैदान चालतं आणि बक्षिसं निघतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल करून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी पक्का केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. नीट वाचा, क्लबच्या कमिशनवर नाही, पैजेच्या पूर्ण रकमेवर. १०० रुपये लावायचे तर ४० रुपये सरकारला. असा खेळ कोण खेळेल? ज्याला खेळायचंय तो फोनवरून बेकायदा बुकीकडे जातो, तिथे कर नाही आणि पावतीही नाही. सरकारला कर मिळत नाही, क्लबला कमिशन मिळत नाही, बक्षिसाचं भांडं आटतं. जुगाराला आळा घालायचाय असं सरकार म्हणत असेल तर हा आळा नव्हे. गिऱ्हाईक पुढच्या दाराने हाकललं, ते मागच्या दाराने आत गेलं. माझं मत स्पष्ट आहे: कर लावा, पण क्लबच्या उत्पन्नावर लावा.

पण हे झालं सरकारचं. तुमच्यापुरतं एवढंच, की ज्या भांड्यातून नफा काढायचा ते आटत असताना तुम्हाला वाटा विकला जातोय. मैदानही आकसतंय. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ च्या निर्णयाने महापालिकेच्या पार्कसाठी गेली, क्लबकडे ९१ एकर उरली, तीही २०५३ पर्यंतच्या भाडेपट्ट्यावर. पार्क व्हावं, मुंबईला मोकळ्या जागेची गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पीडीएफमध्ये 'वाढता उद्योग' असं छापलंय, ते कुठल्या मैदानावर वाढतोय बुवा?

आयकराचंही ऐका. रेसचे घोडे बाळगण्यात झालेला तोटा तुमच्या पगारातून, पेन्शनमधून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. फक्त रेसच्या घोड्यांच्या उत्पन्नातून होतो, आणि पुढे ओढायचा तर चार वर्षं. म्हणजे करखात्यानेही याला 'हौस' याच कप्प्यात ठेवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं नाव कुठे आहे? रेसच्या घोड्याची भागीदारी क्लबच्या दप्तरी नोंदवावी लागते. तिथे ज्यांची नावं आहेत ते मालक. काकांच्या कागदावर 'नफ्यातील सहभागाचा करार' असं लिहिलंय, शंभराच्या... नाही, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, आणि क्लबच्या नोंदीत नाव एकाच माणसाचं असणार आहे. याला वाटा म्हणत नाहीत. याला उसने दिलेले पैसे म्हणतात, तेही बिनतारण. पुष्कळ लोकांकडून पैसे गोळा करायचे, नफ्याचं आमिष दाखवायचं, कारभार मात्र एकट्याने बघायचा, अशा योजनांसाठी सेबीच्या कायद्यात सामूहिक गुंतवणूक योजनेचे नियम आहेत. विकणाऱ्याला सरळ विचारा, नोंदणी आहे का, नसेल तर का लागत नाही ते लेखी द्या.

बाहेर हे रीतसर चालतं. २०२० ची केंटकी डर्बी जिंकलेल्या 'ऑथेंटिक'मध्ये पाच हजारांहून जास्त लोकांचे छोटे वाटे होते, एक वाटा २०६ डॉलरचा. पण ती योजना तिथल्या रोखे नियंत्रकाकडे कागदपत्रं दाखल करून विकली गेली होती. तरीही ते लोक थेट घोड्याचे मालक नव्हते, घोड्यात १२.५ टक्के असलेल्या कंपनीचे मालक होते. बहुतेकांनी ते पैसे मॅचच्या तिकिटासारखे खर्चात धरले असावेत. २०६ डॉलरला ते परवडतं.

आपल्याकडची आठवण मात्र वेगळी आहे. २०१९ मध्ये गुडविनच्या बंद शटरसमोर डोंबिवलीकर उभे होते. त्याच वर्षी इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण फुटलं, शेतकरी पिंजरे घेऊन बसले. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस, त्यात कल्याणचीही शाखा होती. एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे, पण तो लागतो पैसे गेल्यावर. घोड्यावाला फसवणारच आहे असं मी म्हणत नाही. तो प्रामाणिक असू शकतो. प्रामाणिक माणसाचाही घोडा हरतो, एवढंच.

याची तुलना मी नेहमी आपल्या बैलांशी करतो. कल्याण, अंबरनाथ, भिवंडीच्या गावांत बिनजोडचा बैल सांभाळणारी माणसं बघा. लाखांनी पैसा घालतात, त्यातला बराचसा परत येत नाही, आणि त्यांना ते माहीत असतं. पण बैल दारात असतो. सकाळी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवला की दिवस सुरू. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली, घटनापीठाचा अंतिम निकाल १८ मे २०२३ ला आला. मधली सात-साडेसात वर्षं अधिकृत शर्यत नाही, गुलाल नाही, तरी कितीतरी दावणींना बैल होते आणि खुराक चालू होता. हौसेला मोल नसतं ते असं. पाच टक्केवाला आपला घोडा वर्षातून कितीदा बघतो? बघायला गेलाच तर ओळखेल का?

हा प्रश्न भावनेचा नाही, जबाबदारीचा आहे. रेसचा घोडा पाच-सात वर्षांचा झाला की बहुधा मैदानाबाहेर जातो. जगतो पंचवीस वर्षं, कधी त्याहून जास्त. उरलेली वर्षं कोणाची? कोणी रायडिंग क्लबात जातो, कोणी वरातीला, कोणी पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरतो. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे पूर्वी हाफकिनला लसीसाठी, सीरमसाठी जायचे. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजही शहापूर-मुरबाडच्या शेतात भातलावणीत कोणाला साप चावला तर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्याच रक्तातून बनतं. माणसाने घोड्याकडून इतकं घेतलंय, आणि काकांच्या अकरा पानी करारात 'निवृत्तीनंतर' हा शब्द एकदाही नाही. नफा कसा वाटायचा यावर तीन पानं आहेत. एकटा मालक असला तर निदान लोक त्याला नाव घेऊन विचारतात, घोड्याचं काय केलंस? वीस वाटेकरी झाले की विचारायचं कोणाला?

म्हणून काकांना मी सांगितलं ते असं. वर्षभराच्या सहलीचे पैसे बाजूला ठेवलेत ना, त्यातून घ्यायचा तर घ्या, फंडाला हात लावू नका. आधी एका पहाटे मैदानावर जाऊन शिंगरू डोळ्यांनी बघून या. क्लबच्या नोंदीत तुमचं नाव लागणार असेल तरच सही करा. महिन्याच्या खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्या. आणि घोडा थांबल्यावर त्याच्या चाऱ्यासाठी प्रत्येक वाटेकऱ्याने किती द्यायचं, ते कलम तुम्ही स्वतः सुचवा. ते ऐकून विकणारा काय म्हणतो ते मला कळवा. काका बुधवारी त्याला भेटणार आहेत.

आणि एक मागणी सरकारकडे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्रही बसतो. पैजेच्या १०० रुपयांतले ४० घेणारच असाल, तर त्यातला एक रुपया निवृत्त घोड्यांच्या चाऱ्यापाण्यासाठी वेगळा काढा. ठाणे-कल्याणचे खासदार-आमदार बैलांच्या शर्यतींसाठी हिरिरीने बोलले होते, एवढं तरी त्यांनी बोलून बघावं.