काचेतलं ऊन

खिडकीशी माशांची जुनी टाकी होती. तळाला वाळू, मधोमध प्लॅस्टिकचं झाड आणि त्या झाडाच्या बुडाशी डोळे मिटून पडलेला घोयरा, रंग बदलणारा सरडा, म्हणजेच शॅमेलिऑन. दुपारचे चार वाजले होते. घोयरा दुपारी चारला झोपत नाही.

घर कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं, ओळखीचं. अकरावीतला मुलगा मला टाकीपाशी घेऊन गेला. "काका, लय गरीब आहे बघा. चावत नाही, पळत नाही. दिवसभर उन्हात असतोय, तरी खाईना झालाय." सात आठवड्यांपूर्वी जोतिबावरून परतताना त्याच्या वडिलांनी भर रस्त्यात गाडी थांबवून हा जीव उचलला होता. मागून ट्रक येत होता. घोयऱ्याची चाल अशी, की एक पाय टाकायचा, पुढंमागं झुलायचं, मग दुसरा टाकायचा. त्या चालीनं तो रस्ता पार करूच शकला नसता. त्या माणसानं त्याला वाचवलं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आज नाही. चुकलं ते पुढं. रस्त्याकडेच्या झुडपात सोडायचा तो जीव घरी आला.

मी त्याला हातावर घेतलं. घोयऱ्याच्या पायाची बोटं दोन जुडग्यांत विभागलेली असतात, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन. निरोगी घोयरा बोटाला धरतो तेव्हा चिमट्यात सापडल्यासारखं वाटतं. याची पकड जाणवलीच नाही. पुढचे दोन्ही पाय मधेच वाकडे झाले होते, खालचा जबडा एका अंगाला कलला होता, आणि डोळ्यांचे ते फिरते बुरूज खोल गेले होते. तळातली विष्ठा पाहिली. तिच्यातला पांढरा असायला हवा तो भाग गडद पिवळा होता. खोल गेलेले डोळे आणि हा पिवळेपणा, दोन्हींचा अर्थ एकच. अंगात पाणी नाही. टाकीत बाटलीच्या टोपणात पाणी भरून ठेवलेलं होतं. पण घोयरा साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा दवाचा, पावसाचा थेंब तो जिभेनं टिपतो. टोपण भरलेलं, आणि तो तहानेनं सुकत चाललेला.

वाकड्या पायांच्या आजाराला आपल्याकडे जुनं नाव आहे, मुडदूस. पूर्वी ज्या लेकराची हाडं मऊ राहायची, पाय धनुकलीसारखे वाकायचे, त्याला मुडदूस झाला म्हणत. आजी बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायची, ते त्यासाठीच. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक ठरावीक पट्टा कातडीवर पडला की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. घोयऱ्याचं गणित हेच आहे, फक्त त्याची उन्हावरची भिस्त आपल्याहून मोठी. ते कॅल्शियम मिळेनासं झालं की शरीर हाडांतून उसनं घेऊ लागतं. हृदय चालायला हवं, स्नायू हलायला हवेत, म्हणून हाडं रिकामी होतात. आधी जबडा मऊ पडतो, मग पाय वाकतात, मग जीभ बाहेर पडेनाशी होते. शरीराहून लांब जाणारी ती जीभ तोंडातल्या एका बारीक हाडावरून सुटते आणि तिला स्नायूंचा जोर लागतो. जीभ सुटली नाही, तर समोर नाकतोडा बसलेला असूनही घोयरा उपाशी.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळ्या वाटेनंही कळेल. इथं गोकुळचा दूध संघ १९६३ साली उभा राहिला आणि गोठ्यागोठ्यात डॉक्टर पोचला. व्यालेली म्हैस दुसऱ्या दिवशी खाली बसते, मान कुशीकडं वळवते, कान गार पडतात, तेव्हा रक्तातलं कॅल्शियम उतरलंय हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टर येतो, शिरेतून हळूहळू बाटली चढवतो, आणि पाहता पाहता म्हैस उठून उभी राहते. पाचशे किलोच्या जनावराला जे खाली बसवतं, तेच मूठभर घोयऱ्याला मारतं. म्हशीचं कॅल्शियम एका दिवसात कोसळतं, म्हणून घरात धावपळ होते. घोयऱ्याचं आठवड्यांनी झिरपत जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पण तो तर दिवसभर उन्हात होता? मुलाचा हा प्रश्न खरा होता, आणि उत्तर देताना मला जड गेलं. तो ऊन पाहत होता. खिडकीची साधी काच प्रकाश आत सोडते, ऊब आत सोडते, पण ज्या किरणांतून ड जीवनसत्त्व तयार होतं, ते जवळजवळ सगळे अडवते. इथं तर खिडकीची एक काच आणि टाकीची दुसरी. त्या लखलखीत उजेडात बसून तो सात आठवडे अंधारात होता. वर टाकी बंद असल्यामुळं आतली हवा तापायची ते वेगळंच.

खाण्याचीही तीच गत. दुकानातून माशांसाठीचे वाळवलेले किडे आणले होते. घोयरा हलणारं भक्ष्य टिपतो. मेलेला किडा त्याच्या लेखी बहुधा नसतोच. मग मुलानं मायेनं त्याचं तोंड उघडून एकेक किडा आत ठेवायला सुरुवात केली. जबडा मऊ झालेल्या प्राण्याचं तोंड उघडणं म्हणजे तो मोडण्याची जोखीम. ड्रॉपरनं पाणी सोडणं त्याहून वाईट, कारण श्वासनलिकेचं तोंड तिथंच पुढं असतं आणि पाणी फुप्फुसात उतरतं. जिवंत किडे दिले असते तरी तेवढ्यानं भागलं नसतं. रातकिड्यांत, झुरळांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडं. रानात घोयऱ्याला तऱ्हेतऱ्हेचे कीटक मिळतात, वर उघडं ऊन असतं, म्हणून निभतं. पिंजऱ्यात किड्यांना आधी पालेभाजी चारावी लागते, वर कॅल्शियमची पूड लावावी लागते. एवढं कुणाला ठाऊक असतं? त्या घरात ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्यांची लबाडी काही नव्हती.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. पाहुणे आले की घोयऱ्याला टाकीतून काढायचे. लाल साडीवर ठेवायचे, मग निळ्या टॉवेलवर, मोबाइलवर चित्रण चालू. तो काळपट पडला की सगळे टाळ्या वाजवत, बघा, रंग बदलला! घोयरा साडीचा रंग घेत नाही. त्याच्या कातडीत बारीक स्फटिक असतात, आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या शॅमेलिऑनवर हे दाखवून दिलं. रंग बदलतो तो थंडी-उष्णतेमुळं, जोडीदार दिसल्यामुळं, प्रतिस्पर्धी समोर आल्यामुळं आणि भीतीमुळं. अंग काळपट करून तो सांगत होता की मी घाबरलोय, मला खाली ठेवा. फुत्काराखेरीज त्याच्याकडं आवाज नाही. कण्हत नाही, ओरडत नाही. रंग हे त्याचं सांगण्याचं मोठं साधन आणि आपण त्याचाच खेळ केला.

सरड्यासारखे रंग बदलणारा म्हणजे बेभरवशाचा माणूस, असं आपण सर्रास म्हणतो. मला वाटतं, या एका वाक्प्रचारानं त्या प्राण्याचं फार नुकसान केलंय. गावाकडं अजून काही जण घोयऱ्याला विषारी समजून दगडानं ठेचतात. घोयऱ्याला विष नसतं. तो पिकावरचे कीटक खातो, मऊ मातीत खड्डा करून अंडी घालतो आणि माणूस दिसला की फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. भारतात रानात सापडणारी शॅमेलिऑनची जात ही एकच.

वनविभागाला फोन केला आणि त्या संध्याकाळी माणसं येऊन त्याला घेऊन गेली. घरातल्यांचे चेहरे उतरले होते. वडिलांना पोलीस केस होईल अशी भीती, मुलाला त्याच्या जाण्याचं दुःख. वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोयरा संरक्षित आहे, तो घरात ठेवणं गुन्हाच आहे. तरी मला त्या भीतीबद्दल बोलायचंय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोन केला असता, तर त्या प्राण्याला काहीही झालं नसतं. त्यांनी केला नाही, कारण आधी हौस होती आणि नंतर भीती. पाय वाकडे दिसू लागले, तेव्हा दवाखान्यात न्यावं असं मुलाच्या मनात आलं होतं, पण डॉक्टर विचारतील कुठून आणला, म्हणून नेलं नाही. कायदा प्राण्याला वाचवण्यासाठी आहे. त्याच्या धाकानं आजारी प्राणी कपाटामागं लपणार असेल, तर वनविभागानं गावोगाव मोठ्यानं सांगायला हवं, की जखमी किंवा आजारी प्राणी स्वतःहून आणून देणाऱ्याला आम्ही चोर समजणार नाही.

परदेशी शॅमेलिऑन पाळणाऱ्यांचीही गोष्ट याच वाटेनं जाते. येमेन-सौदीकडचा डोक्यावर तुरा असलेला शॅमेलिऑन, मादागास्करचा रंगीत शॅमेलिऑन असे प्राणी हौसेपायी विकले जातात. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. ज्यांच्याकडं असा प्राणी असेल त्यांनी तो नोंदवावा, आणि आजारी पडला तर कंटाळून रंकाळा तलावाकाठी सोडू नये. अमेरिकेत फ्लोरिडा आणि हवाई बेटांवर तो तुरेवाला शॅमेलिऑन असाच माणसाच्या हातून सुटून रुजला आहे. पाळलेल्या शॅमेलिऑनला काचेची टाकी नको, उभा जाळीचा पिंजरा हवा, खरी पानं हवीत, अतिनील किरणांची खास नळी हवी. ती नळी उजळ दिसत राहिली तरी तिच्यातले कामाचे किरण काही महिन्यांत मंदावतात, म्हणून वेळेवर बदलावी लागते. आणि ड जीवनसत्त्वाची बाटली स्वतःच्या अंदाजानं पाजू नये. जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं.

आता डॉक्टरांकडं येतो. आजारी घोयऱ्यावर उपचार आहेत. आधी ऊब आणि पाणी, मग एक्स-रे, मग बेतानं कॅल्शियम, योग्य प्रकाश आणि सगळ्यात शेवटी खाणं. वाकलेलं हाड सरळ होत नाही, पण पुढं भरणारं हाड घट्ट होतं, आणि काही प्राणी सावरतात. हे करायला हात सरावलेला लागतो. ग्रॅममध्ये वजन असलेल्या प्राण्याचा डोस काढणं हे म्हशीच्या डॉक्टराला कुणी शिकवलेलं नसतं, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकणं अन्याय होईल. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापूरहून काही तासांच्या अंतरावर. तिथल्या मुलांना सरपटणाऱ्या प्राण्यांवर प्रत्यक्ष हात बसवायला मिळावा, आणि जिल्ह्यातल्या निदान दोन-तीन डॉक्टरांना वनविभागानं त्यासाठी पाठवावं, ही मागणी मी इथं नोंदवून ठेवतो. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं आहे. गव्यासाठी इतक्या लवकर जागा राखणाऱ्या जिल्ह्याला एवढं जड नाही.

तो घोयरा आठव्या दिवशी मेला. मुलाला मीच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "काका, त्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवला असता तर?" मी खोटं बोललो नाही. तर तो बहुतेक जगला असता.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीत हिणवणं आहे, पण निरीक्षणही आहे. असा प्राणी आपल्या ओळखीच्या झुडपांत जगतो. म्हणून रस्त्यात घोयरा दिसला तर गाडी सुरक्षित थांबवा, काठीवर किंवा फांदीवर चढवून घ्या आणि तो ज्या दिशेनं चालला होता, त्याच बाजूच्या झुडपात ठेवा. तिथंच, पाच-दहा पावलांवर. जखमी असेल, डोळे मिटून पडला असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक फांदी आणि पाण्याचा फवारा मारलेला पाला घाला, खोकं सावलीत ठेवा, तोंडात काहीही घालू नका, आणि कुठं सापडला ती जागा लिहून ठेवा, कारण बरा झाला तर त्याला तिथंच सोडायचं असतं. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि अकरावीतलं पोर घरात असेल तर त्याच्याही मोबाइलमध्ये घाला.