गिटारचे ध्वनिमुद्रण आणि किमतीचा प्रश्न

संपादक महाशय,


गिटारच्या ध्वनिमुद्रणास महागड्या कंडेन्सर मायक्रोफोनावाचून गत्यंतर नाही, हा गतांकातील पत्रलेखकांचा निर्वाळा मला मान्य नाही. तार हळुवार छेडली असता मायक्रोफोनाची अंगभूत खरखर स्पष्ट जाणवते. म्हणून किमतीपूर्वी त्या खरखरीचा आकडा पाहावा, जो ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या मायक्रोफोनामध्ये २० डेसिबल, तर रोडच्या अधिक किमतीच्या एनटी१-ए मध्ये अवघा ५ आहे. शिवाय ज्या घुमण्याचा दोष ते स्वस्त मायक्रोफोनाच्या माथी मारतात, तो बहुधा मायक्रोफोन गिटारच्या भोकासमोर ठेवल्याने उद्भवतो. तोच मायक्रोफोन बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर ठेवून, त्याला लागणाऱ्या ४८ व्होल्टांच्या पुरवठ्याची तजवीज करून, गाद्या-पडद्यांच्या खोलीत त्यांनी एकवार वाजवून पाहावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक